दोन मुलं, दोन फायली आणि नोकरी: तुम्ही कसं जमवता?

अबोली२७ (सोमवार, रात्री ११.५२)

नमस्कार. इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

राहते डोंबिवलीत, नोकरी बीकेसीला, एका खासगी बँकेच्या बॅक ऑफिसात. नवरा तळोज्याला कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला अडचण, आणि लिहिण्याचाही त्रास आहे. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम. बोलतो मोजके शब्द, तेही त्याच्या मर्जीने. घरी सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, पण पोराला कधी काय हवंय हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

आतापर्यंत आठवड्यातून तीन दिवस घरून काम होतं म्हणून निभावलं. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिस. कुर्ल्याला उतरून रिक्षाची रांग धरली तर घरी पोचायला आठ. मुलाची ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी मिळून आठवड्याला चार सेशन, सगळी पाच ते सातच्या मधली. मुलीचं रेमेडियल (वाचन-लेखनाची खास शिकवणी) शनिवारी. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे तो दिवसही आपला नाही.

काम करून मी दमत नाही. उलट ऑफिसात आठ तास एकाच गोष्टीत डोकं घालता येतं, याचा आराम वाटतो. दमवतं ते बाकीचं: ओटीची फी भरली का, शाळेला पत्र दिलं का, सर्टिफिकेटला कुठली तारीख मिळाली, नवीन कपड्याचं लेबल कापलं का, पोळीवाल्या ताईंनी त्याच्या भाताला वरण तर लावलं नाही ना. नवरा सांगितलेलं सगळं करतो. सांगायचं मात्र मीच.

माहेर, सासर, शाळा, सगळीकडून एकच सल्ला: नोकरी सोड. ज्यांनी सोडली त्यांचं पुढे काय झालं? आणि ज्यांनी नाही सोडली त्यांनी कसं टिकवलं? गोड बोलू नका, खरं सांगा.

---

घाटमाथा

अबोली, मुलगा चौदा वर्षांचा, ऑटिझम, पुणे. नोकरी चालू आहे. म्हणून माझं मत एकतर्फी धर.

आधी हिशोब कर, आणि तो कागदावर कर. पगार गेला की फक्त पगार जात नाही. कंपनीची मेडिकल पॉलिसी जाते, पीएफ जातो आणि पाच वर्षांनी परत यायचं म्हटलं तर कोणी दारात उभं करत नाही. थेरपीचा खर्च मात्र चालूच राहतो. आमच्याकडे एका सेशनचे सात-आठशे जायचे, आता त्याहून जास्त. एका पगारावर हे चालवणारी घरं आहेत, पण तिथे नवऱ्याची नोकरी गेली तर काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

दुसरं, चार सेशन कशाला? तुझ्या थेरपिस्टला सरळ विचार: या तीन महिन्यांचं एकच उद्दिष्ट कोणतं? उत्तर गुळमुळीत आलं तर सेशन कमी करायला हरकत नाही. आम्ही कमी केली, पण घरी काय करायचं ते दर वेळी लिहून घेतलं. मुलगा मागे पडला नाही.

---

कृष्णाकाठची

मी सोडली. सांगलीत बँकेतच होते, सरकारी. पोरगी जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पस्तावले नाही, हे आधी सांगते, कारण अशा धाग्यांवर सोडणाऱ्या बायकांकडे बिचारी म्हणून बघायची पद्धत आहे. पोरगी आज वॉकरवर चालते, त्यात माझ्या त्या वर्षांचा वाटा आहे.

पण अबोलीताई, एक सांगू का? नोकरी सोडल्यावर घरात सगळ्यांनी माझ्या नावावर पोरीचं सगळं लिहून टाकलं. दिराच्या लग्नात सुद्धा मी खोलीत तिच्यापाशी. "तू काय, घरीच असतेस." सोडायची तर त्याआधी बाकीच्यांची कामं ठरवून घ्या. नंतर कोणी घेत नाही.

---

स्पष्टच_बोलतो

सगळे हिशोब करताय. मुलाला आई लागते, एवढी साधी गोष्ट आहे. सहा वर्षांचं पोर म्हातारीवर टाकून बीकेसीला जायचं आणि वर 'आराम वाटतो' लिहायचं. कमाल आहे.

---

घाटमाथा

आई लागते, कबूल. बाप तळोज्याला काय करतोय हे नाही विचारलंत ते.

---

कुंभार्ली

वरच्या प्रतिसादात वेळ घालवू नका. अबोली, तुम्ही खासगीत आहात म्हणून तुम्हाला उपयोग नाही, पण वाचणाऱ्या सरकारी नोकरदार बायांसाठी लिहिते. मी शिक्षिका, जिल्हा परिषद.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ ऐंशी टक्के पगारावर. एरवी मूल अठराचं होईपर्यंतच, पण मुलाला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. राज्यात सर्वसाधारण बालसंगोपन रजा १८० दिवसांची आहे. विकलांग अपत्यासाठी ७३० दिवसांच्या विशेष रजेची वेगळी तरतूद आहे, आणि ती बऱ्याच कार्यालयांत क्लार्कलाच माहीत नसते. शासन निर्णयाची प्रत स्वतः काढून न्या. तोंडी विचारलं की "असं काही नाही मॅडम" ठरलेलं.

एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी प्राध्यापिकेच्या प्रकरणात सांगितलं की बायकांचा नोकरीतला सहभाग ही सरकारची मेहेरबानी नाही, तो घटनेचा विषय आहे, आणि अपंग मूल असलेल्या आईच्या रजेचा विचार त्याच नजरेने करा. त्या बाईंच्या मुलाला हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार, दर थोड्या दिवसांनी ऑपरेशन, आणि राज्याने ही रजाच लागू केली नव्हती.

केंद्रात अजून एक आहे: अपंग मुलाचं पालकत्व करणाऱ्या कर्मचाऱ्याला फिरत्या बदलीतून सूट, २०१४ पासून.

खासगीत पालकांसाठी यातलं काही नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं खरं, पण ऑटिझम म्हटल्यावर त्या पाळणाघरातल्या बाईचा चेहरा कसा होतो ते इथल्या अर्ध्या जणींनी पाहिलं असेल.

---

अबोली२७ (मंगळवार, रात्री १२.१०)

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठची, तुमचा 'नावावर लिहून टाकलं' हा शब्द दिवसभर डोक्यात होता. मी नोकरी न सोडताच ते झालंय.

घाटमाथा, उद्दिष्ट विचारलं. म्हणाल्या, "सर्वांगीण विकास." काय बोलणार.

---

वऱ्हाडी_बाबा

नागपूरहून लिहितोय. बाप आहे, पोरगा ऑटिझमचा, दहा वर्षं. अबोलीताई, तुमच्या मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी आहे ना? मग त्यांची साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्येच पडत असणार. सरकारी दवाखान्याची ओपीडी, तहसील, शाळेचं ऑफिस, सगळं मधल्या वारीच उघडं असते. कागदपत्रांचं पूर्ण खातं त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून नाही बरं का, खातं म्हणून. फाईल त्यांची, तारखा त्यांच्या, फोन नंबर त्यांचा. आमच्या घरी मीच करतो.

त्यात काय काय येते ते सांगतो.

यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र: अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयात. ४० टक्के किंवा जास्त लागले की पुढची दारं उघडतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानलेत, त्यात ऑटिझम पण आहे आणि अध्ययन अक्षमता पण, डिस्लेक्सिया तिच्यातच येते. म्हणजे तुमची दोन्ही लेकरं त्या यादीत बसतात.

निरामय: केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, आजार आधीपासून आहे म्हणून नकार नाही. थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. पण हा फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना. मुलाला मिळेल, मुलीला नाही. बिलं मात्र जपून ठेवा, पैसे आधी आपण भरायचे आणि मागून मागायचे.

आयकर: ज्याला आपण ८०डीडी म्हणतो ती वजावट, ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्च किती झाला ते बघत नाहीत, रक्कम ठरलेली. फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्हा दोघांतला जो जुनी प्रणाली घेईल त्याने घ्यावी.

आणि मुलगा अठराचा झाला की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागते, कलेक्टर असतात तिच्यावर. तुम्हाला बारा वर्षं आहेत, पण चौदा वर्षांच्या पोराच्या आईने वाचून ठेवावं म्हणून लिहिलं.

---

घाटमाथा

वाचलं. 😐 धन्यवाद, खरंच.

---

सातू_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोल्हापूर. 'सर्वांगीण विकास' वाचून आमच्या व्यवसायाच्या वतीने शरम वाटली. उद्दिष्ट असं असावं: "पाणी हवं असेल तर तीन महिन्यांत तो चित्र दाखवून किंवा शब्दाने मागेल." जे झालं की नाही हे आजीलाही दिसेल, ते उद्दिष्ट.

दोन सेशन ठेवा, पण त्यातल्या एकाला महिन्यातून एकदा आजींना पाठवा किंवा व्हिडिओवर बसवा. मुलासोबत दिवसभर त्या असतात आणि शिकवतोय आपण आईला, जी आठला घरी येते. हे उलटं आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीने पळायचं नाहीच. कणीक त्याच्याकडून मळून घ्यायची, धुतलेला टॉवेल पिळून घ्यायचा, कांद्याबटाट्याची पिशवी स्वयंपाकघरापर्यंत ओढून घ्यायची. अंगाला जोर लागणारी ही कामं अशा मुलांना बऱ्याचदा शांत करतात, आणि त्यासाठी बॉल-पूल लागत नाही.

बोलण्यासाठी आयआयटी मुंबईच्या लोकांनी केलेलं जेलो नावाचं मोफत ॲप आहे, चित्रांवर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतही आहे. "ॲपची सवय लागली तर बोलायचंच सोडेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चित्राने मागता आलं की चिडणं कमी होतं, आणि त्यामुळे शब्द मागे पडत नाहीत.

फ्रिजवर दिवसाचं चित्र-वेळापत्रक लावा. त्यात तुमचा फोटो आणि लोकलचा फोटो असू द्या, म्हणजे आई कुठे गेली हा प्रश्न चित्रातच सुटतो. नवी वेळ सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी लावा, त्याच दिवशी नको.

स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक नवीन शोधाल तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आणि कोणी स्टेम सेल उपचाराचं नाव काढलं तर चपला घालून बाहेर पडा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी त्याला मान्यता नाही. लाखो रुपये घालवलेली घरं मी पाहते.

---

मोगरीचा_गजरा

सगळे मुलाबद्दल बोलतायत. मुलीचं काय? मी स्वतः अशा घरातली मोठी मुलगी आहे, धाकट्या भावाला ऑटिझम. म्हणून विचारतेय.

---

अबोली२७ (बुधवार)

मोगरी, बरोबर बोट ठेवलंत. ती हल्ली वहीतला शेरा दाखवतच नाही. विचारलं तर म्हणाली, "तुला आधीच खूप काम असतं." शाळा म्हणते आळशी आहे, तोंडी सगळं येतं मग लिहीत का नाही. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट आहे, पण शाळा तो मानत नाही.

---

मोगरीचा_गजरा

शहाणी मुलगी म्हणून कौतुक करू नका तिचं. मला आयुष्यभर तेच मिळालं, आणि चाळिशीत येऊन पैसे देऊन बोलायला जावं लागलं. तिच्यासाठी आठवड्यात एक वेळ ठेवा, अभ्यासाची नाही. भाऊ सोबत नको. कितीही छोटी चालेल, पण रद्द झालेली नको.

आणि रिपोर्टसाठी खासगी डॉक्टरांकडे अजून पैसे घालवू नका. बोर्डाला चालतं ते अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र. तुम्हाला सायन किंवा नायर जवळ. सायनला अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक १९९६ पासून आहे. एका फेरीत होत नाही: बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक, बुद्ध्यांक चाचणी, मग शैक्षणिक चाचणी. महिने जातात, म्हणून नववीची वाट बघू नका. दहावीला जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, भाषा आणि गणिताला पर्याय, हे सगळं त्या कागदावर. आधीच्या वर्गांतही सवलत मागता येते. 'आळशी' हा शब्दही त्या कागदाने बंद होतो, निदान तिच्यासमोर.

---

रेडिंगकर

इथून बघताना सगळ्यांना वाटतं इंग्लंडात मजा. लेक आठ वर्षांची, ऑटिझम. ६ एप्रिल २०२४ पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक वेळ मागायचा हक्क आहे. मागायचा, मिळायचा नव्हे. काळजीवाहूंना वर्षातून एक आठवडा रजाही मिळते, बिनपगारी. शाळेतल्या मदतीचा ईएचसीपी नावाचा कायदेशीर आराखडा वीस आठवड्यांत पूर्ण व्हावा असं कागदावर आहे. आमचा झाला नाही. अपंग मुलांचा भत्ता आहे, पण बहुतेक व्हिसांवर सरकारी निधीला हात लावता येत नाही, तेव्हा आम्ही तो फक्त वाचतो.

शाळेचं मात्र मानलं पाहिजे. लेकीने वर्गात कानावर हेडफोन घातले तर कोणी वळून बघत नाही. आणि तुमच्याकडे आजी आहे. आमच्याकडे आजी रविवारी फोनवर असते, लेक तिच्याकडे बघतही नाही, आणि आई दर वेळी विचारते, "ओळखत नाही का गं मला?"

एक कामाची गोष्ट: मॅनेजरकडे 'थोडी सवलत द्या' असं मागू नका. नेमकं लिहून द्या. कुठले दोन दिवस, किती वाजता निघणार, ते तास कधी भरून काढणार, किती महिन्यांनी पुन्हा बोलायचं. माझी पहिली मेल लांब आणि रडकी होती, तिला उत्तरच आलं नाही. दुसरी आठ ओळींची होती.

---

स्पष्टच_बोलतो

माझं म्हणणं लोकांना कडू लागलं. असो. आमच्या शेजारी असंच मूल आहे, आई घरी असते म्हणून सुधारलं.

---

कृष्णाकाठची

शेजाऱ्यांकडे जाऊन तासभर पोराला सांभाळा की एखाद्या शनिवारी. त्या माउलीला डोळ्याचा चश्मा बदलायला तरी जाता येईल.

---

अबोली२७ (सहा आठवड्यांनंतर, रविवार)

बऱ्याच जणींनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून इथेच लिहिते.

नोकरी सोडली नाही. मेल लिहिली, नेमकी. मंगळवार-गुरुवार घरून, बाकी तीन दिवस ऑफिस, सहा महिन्यांसाठी, मग आढावा. साहेब लेखी देत नव्हते, "तोंडी आहे ना" म्हणाले. मीच 'आपल्या बोलण्यानुसार' असं लिहून मेल टाकली, त्यावर त्यांनी 'ओके' पाठवलं. सध्या तेवढ्यावर आहे. बदली झाली तर नवीन साहेब काय म्हणतील, माहीत नाही.

सेशन चारची दोन केली, मंगळवार-गुरुवार. थेरपिस्ट बदलली. सासूबाई व्हिडिओवर बसतात आणि तिला उलट सूचना करतात. कणीक रोज मळून होते, पोळ्या जरा चिवट येतात, कोणी तक्रार करायची नाही असं ठरलंय.

वऱ्हाडी_बाबांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर माझा नंबर काढून त्याचा घातला. मला पहिले चार दिवस चैन पडेना, त्याला विचारत बसायचे, आज काय आलं ग्रुपवर. शेवटी त्यानेच सांगितलं की विचारू नकोस, नाहीतर परत तुझ्याकडेच येईल.

न सुटलेलं: सासूबाईंचे गुडघे. मे महिना. शाळेने मुलासाठी पुढच्या वर्षी शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी मदतनीस) 'पालकांनी ठेवावी' असं सुचवलंय, तिचा पगार आमच्या ईएमआयएवढा. यावर कोणाला अनुभव असेल तर लिहा.

---

कुंभार्ली

शॅडोचा आग्रह शाळेने लेखी दिलाय का ते बघा. बहुतेक शाळा हे कागदावर आणत नाहीत. लेखी मागितलंत की सूर बदलतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयात मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्यात आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या आवडीच्या विशेष शाळेत. खासगी शाळेवर तो थेट चालत नाही, पण आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत अपंग मूल वंचित घटकात धरतात आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुमच्या मुलाचं वय बघता यंदाचाच अर्ज चुकवू नका.

---

पारिजात_कल्याण

अबोली, माझाही मुलगा सहावीत, डिस्लेक्सियाचा संशय. पालिका रुग्णालयात जाताना काय काय न्यायचं? फोन लागत नाही तिथला.

---

अबोलीचा_नवरा

नवीन आयडी काढलाय, चूकभूल माफ. फाईल माझ्याकडे असल्याने मी लिहितो.

शाळेचं पत्र, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं. आधीच्या सगळ्या इयत्तांची प्रगतिपुस्तकं. चालू वर्षाच्या वह्या, खास करून मराठी आणि गणित. वही स्वच्छ करून नेऊ नका, चुका दिसल्या पाहिजेत. डोळे आणि कान तपासल्याचे रिपोर्ट आधीच काढून ठेवा, नाहीतर तेवढ्यासाठी एक फेरी वाया जाते. आधार, जन्मदाखला, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स.

केस पेपरची रांग लवकर लागते, कल्याणहून निघणार असाल तर सहाच्या आतली गाडी पकडा. चाचणीच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घालून न्या, दमलेलं पोर नीट सोडवत नाही. आमची पहिली तारीख झाली, बुद्ध्यांक चाचणी पुढच्या बुधवारी आहे. माझी सुट्टी असते बुधवारी. तुम्ही त्या दिवशी येणार असाल तर सांगा, रांगेत नंबर लावून ठेवतो.